वणव्याचा पैसा नेमका कुठे अडतो?

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या एका ग्रामसभेच्या तरुण सचिवांचा प्रश्न आहे. मार्चात त्यांच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात वणवा लागला, गावच्या पोरांनी हिरव्या डहाळ्यांनी बडवून तो विझवला. वनखात्याचे फायर वॉचर, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणारे हंगामी मजूर, सोबत होते, पण त्यांची मजुरी थकलेली. आठवड्याभरात एका पक्षाचे नेते आले, म्हणाले केंद्रानं पैसाच दिला नाही. मग दुसऱ्या पक्षाचे आले, म्हणाले केंद्रानं दिला, राज्यानं खर्च केला नाही. तिसऱ्यांचं म्हणणं, विदर्भाचा पैसा पश्चिम महाराष्ट्रात गेला. सचिव विचारतात: खरं कोण बोलतंय, अमेरिकेत कॅलिफोर्नियात वणव्याच्या पैशावरून पक्ष भांडतात तसंच हे आहे का, आणि ग्रामसभेनं धरायचं कोणाला?

भाऊ, तिघंही थोडं थोडं खरं बोलतायत. म्हणूनच हे भांडण दर उन्हाळ्यात पेटतं आणि पहिल्या पावसाबरोबर विसरलं जातं. मी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत वनपरिक्षेत्र अधिकारी होतो, नोकरीच्या शेवटच्या काळात विभागीय कार्यालयात बजेटचं टेबलही सांभाळलं. त्यामुळे आग आणि फाइल दोन्ही जवळून पाहिल्यात. माझं म्हणणं आधीच सांगतो. नेते भांडतात ते पैसा किती आला यावर. जंगल जळतं ते पैसा कधी आला आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटच्या कोणत्या कप्प्यातून, आला यावर. या दुसऱ्या गोष्टीवर सभागृहात कोणी आवाज चढवलेला मला आठवत नाही.

हंगामापासून सुरू करू. कागदोपत्री वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. सरकारचं आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला. म्हणजे हंगामाचा पहिला दीड महिना जुन्या वर्षाच्या पैशात काढायचा आणि पुढचे अडीच महिने नव्या वर्षाच्या. आता जंगलात तेव्हा काय चाललेलं असतं? सागाची पानं झडून वाळलेली, मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पडतात म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करणारे लोक, धुऱ्यावरचं गवत पेटवून देणारे शेतकरी, आणि मेच्या तोडीआधी तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग. सगळ्यात जास्त आगी लागतात त्या नेमक्या ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे. त्याच दिवसांत कोषागारात बिलांचा ढीग असतो, न झालेला खर्च समर्पित करायची, म्हणजे उरलेला पैसा सरकारला परत करायची, घाई असते. एक एप्रिल उजाडतो तेव्हा अर्थसंकल्प मंजूर झालेला असतो खरा, पण तो निधी संगणकावर आहरण-संवितरण अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत, उतरायला वेळ लागतो. आमच्या बोलीत 'बीडीएस आली का?', म्हणजे संगणकावर निधी पडला का, हा एप्रिलचा रोजचा प्रश्न. तोवर मजूर जंगलात असतो आणि त्याचा हजेरीपट टेबलाच्या खणात.

तुमच्या फायर वॉचरची मजुरी थकली ती बहुधा अशी. त्यात केंद्राचा किंवा राज्याचा कोणी वाईट हेतूनं हात आखडला असेलच असं नाही. दोन आर्थिक वर्षांच्या फटीत तो माणूस सापडला.

याहून मोठी गोम जाळरेषेची आहे, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात आधीच मोकळी केलेल्या पट्टीची. बाहेरच्या माणसाला वाटतं वणव्याचा खर्च म्हणजे आग विझवण्याचा खर्च. आमच्याकडे विझवणं म्हणजे डहाळी, झाडू आणि अलीकडे पाला उडवणारा पाठीवरचा ब्लोअर. विमानं नाहीत, पाण्याचे बंब आतल्या रस्त्यांवर जात नाहीत. म्हणून सगळी मदार आगीच्या आधीच्या कामावर. पावसाळा संपला, गवत पिवळं पडलं की जाळरेषेवरचं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि सकाळी दव आहे तोवर, फार तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, ती पट्टी माणसं उभी करून सावकाश जाळून मोकळी करायची. यासाठी मजूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो, त्याच सुमारास भातकापणी असते म्हणून तो रोख पैशाशिवाय येत नाही. पैसा जानेवारीच्या शेवटी उतरला तर रेषा घाईत, अर्धवट होते. आणि फेब्रुवारीच्या शेवटी, वारा सुटल्यावर जाळायला घेतलेली रेषा स्वतःच वणवा लावू शकते. हे खात्यातला प्रत्येक वनरक्षक जाणतो. मंत्रालयात हे कळत नाही असंही नाही, पण तिथल्या तारखा वेगळ्या गोष्टींना बांधलेल्या असतात.

त्या तारखांकडे जरा बघा. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळ वर्षातून एकदा आपल्या दारात येतं. पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेला जादा निधी, तिथे मंजूर होतात. जाळरेषेचा पैसा मागायची याहून चांगली वेळ नाही. पण डिसेंबरात जंगल हिरवं, धूर कुठेच नाही, त्यामुळे आमदार बोलतात धानाच्या बोनसवर, कापसाच्या भावावर, सिंचनाच्या अनुशेषावर. मार्चात अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत, तेव्हा वणव्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतायत, लक्षवेधी लागते, 'जंगल जळतंय आणि सरकार झोपलंय' असं म्हणून विरोधक सभात्याग करतात. त्या दिवशी शंभर कोटी जाहीर झाले तरी त्या हंगामाची एक फूट रेषा त्यातून होत नाही. विरोधक उद्या सत्तेत आले की तेच उत्तर देतात जे आजचे मंत्री देतात. मी हे दोन्ही बाजूंनी ऐकलंय, भाषासुद्धा बदलत नाही.

आता रकमेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. हा समजायला मांडलेला आहे, कोणत्याही विभागाचा प्रत्यक्ष आकडा नाही. समजा एका बीटला, म्हणजे एका वनरक्षकाच्या क्षेत्राला, दोन फायर वॉचर, चार महिने, रोज पाचशे रुपये. झाले १,२०,००० रुपये. एका परिक्षेत्रात पंचवीस बीटं धरली तर ३० लाख. त्यात जाळरेषा, ब्लोअरचं पेट्रोल, गाडीचं डिझेल, पाण्याचे कॅन आणि बूट मिळवा. रक्कम वाढेल, पण एका मध्यम पुलाच्या किमतीला जाणार नाही. जे काम इतक्या कमी पैशात होतं ते दरवर्षी अडावं याचं कारण पैशाचा तुटवडा एवढंच नसावं, हे इथेच लक्षात येतं.

मग पैसा येतो कुठून? खिसे बरेच आहेत, आणि नेत्यांचं भांडण बहुतेक वेळा दोन वेगळ्या खिशांबद्दल असतं.

पहिला खिसा राज्याचा स्वतःचा, वने आणि वन्यजीवनाच्या २४०६ या मुख्य लेखाशीर्षाखालचा. यातला मोठा भाग पगारात जातो.

दुसरा केंद्राचा. वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना, जी २०१७ मध्ये जुन्या वन व्यवस्थापन सघनीकरण योजनेतून वेगळी काढली. आपल्यासारख्या राज्यांना ६०:४०, ईशान्य आणि हिमालयीन राज्यांना ९०:१०. अख्ख्या देशासाठी या योजनेची वर्षाची तरतूद साधारण पन्नास कोटींच्या घरात राहत आली आहे. देशातली सगळी वनराज्यं त्यात वाटेकरी. आपल्या विभागाला त्यातून काय येत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. तेव्हा 'केंद्रानं पैसा दिला नाही' हे वाक्य खरं असलं तरी त्या पैशानं फार काही झालं असतं असं नाही. आणि 'केंद्रानं दिला, राज्यानं खर्च केला नाही' हेही खरं असू शकतं, कारण केंद्राचा हप्ता आल्यावर राज्यानं आपला चाळीस टक्के हिस्सा टाकायचा, मग खर्च करायचा, मग उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं, तेव्हा पुढचा हप्ता. राज्याचा हिस्सा वेळेत पडला नाही की साखळी तुटते. केंद्र म्हणतं राज्यानं प्रमाणपत्र दिलं नाही, राज्य म्हणतं केंद्राचा हप्ता आला नाही. दोघांच्याही हातात आपापलं पत्र असतं. पत्रांवरच्या तारखा शेजारी ठेवून बघायची तसदी पत्रकार परिषदेत कोणी घेत नाही.

तिसरा खिसा कॅम्पाचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच्यावर आहे. खाणीला, रस्त्याला, धरणाला वनजमीन दिली की त्या यंत्रणेकडून नुकसानभरपाईचे पैसे घेतात, त्याचा हा निधी. २०१६ चा कायदा, २०१८ चे नियम. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं वर्षानुवर्षं साठलेले ४७,४३६ कोटी राज्यांना वर्ग केले, त्यात महाराष्ट्राचे ३,८४४ कोटी होते. तेव्हापासून प्रत्येक विरोधी नेता विचारतो, 'एवढे हजार कोटी आले, मग ब्लोअर का नाही?' प्रश्न रास्त आहे, पण अर्धा. या निधीतून वणवा नियंत्रणावर खर्च करायची मुभा आहे, एनपीव्हीच्या, म्हणजे गेलेल्या जंगलाची किंमत म्हणून घेतलेल्या, रकमेतल्या जंगल आणि वन्यजीव व्यवस्थापनाच्या हिश्शातून. पण त्यासाठी वार्षिक आराखडा करायचा, राज्याच्या समितीतून राष्ट्रीय प्राधिकरणाकडे पाठवायचा, मंजुरी घ्यायची. आराखडा कागदावर एप्रिलपासून लागू, मंजुरी मात्र वर्ष बरंच सरल्यावर हातात पडू शकते. शिवाय आराखड्यात काय घालायचं ते खालून वर जाताना ठरतं. रोपवन दिसतं, इमारत दिसते, वाहन दिसतं. जाळरेषा पुढच्या पावसात पुन्हा गवतानं भरून जाते, तिचं उद्घाटन कोण करणार?

चौथा व्याघ्र प्रकल्पांचा. केंद्राचा वाटा आवर्ती, म्हणजे दरवर्षीच्या, खर्चाला निम्मा आणि अनावर्ती, म्हणजे एकदाच्या, खर्चाला साठ टक्के. त्यात पर्यटकांच्या गेट फीमधून प्रतिष्ठानांकडे येणारा पैसा वेगळा. म्हणून ताडोब्यात ब्लोअर, वायरलेस, संरक्षण कुट्या तुलनेनं बऱ्या दिसतात. ब्रह्मपुरी विभागातही वाघ आहेत, माणसांवर हल्ले तिथे जास्त गाजतात, पण तो प्रादेशिक विभाग, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाबाहेरचं जंगल. वाघ तोच, आग तीच, लेखाशीर्ष वेगळं. तुमच्या वडसा विभागाचीही हीच कथा. मला विचाराल तर विदर्भावरच्या अन्यायाची चर्चा जिल्ह्या-जिल्ह्यांत करण्याआधी या दोन प्रकारच्या जंगलांत करायला हवी.

पाचवा जिल्हा नियोजन समितीचा, ज्याला लोक अजून डीपीडीसीच म्हणतात. अध्यक्ष पालकमंत्री. पक्षांचं खरं, हातघाईचं राजकारण इथे चालतं. कोणत्या परिक्षेत्राला ब्लोअर, कोणत्याला गाडी, हे बैठकीत ठरतं आणि ब्लोअरचं वाटप फोटोसकट होतं. त्या ब्लोअरला पुढल्या वर्षी पेट्रोल आणि दुरुस्ती कोणत्या शीर्षातून, हे कोणी विचारत नाही. स्टार्टरची दोरी तुटलेले ब्लोअर कोठीत पडलेले असतात आणि कागदावर परिक्षेत्र 'सुसज्ज' असतं.

आपत्तीचा पैसा सहावा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्र पंचाहत्तर आणि राज्य पंचवीस टक्के घालतं, आपत्तींच्या यादीत आगही आहे. पण त्या निधीची मदत माणूस, घर, जनावर अशी मोजली जाते. उभं जंगल त्या तक्त्यात बसत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं उपशमनासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामासाठी, वेगळा निधी सुचवला ही मला चांगली गोष्ट वाटते. त्यातून वणव्याच्या जोखमीसाठी १९ राज्यांतल्या १४४ जिल्ह्यांकरता ८१८.९२ कोटींची योजना केंद्राच्या उच्चस्तरीय समितीनं मंजूर केली, महाराष्ट्र त्यात आहे. त्यातून आपल्या जिल्ह्याला काय आणि कधी, हे विचारायची वेळ आता आहे. मार्चात विचारून उपयोग नाही.

आता तुमच्या तीन नेत्यांकडे परत.

केंद्र आणि राज्य वेगळ्या पक्षांचे म्हणून पैसा अडतो, हा दावा उत्तराखंडवर तपासून बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे जंगलं पेटली तेव्हा दिल्लीत आणि डेहराडूनमध्ये सरकार एकाच पक्षाचं होतं. तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात न्यायालयानं राज्याला विचारलं की वणव्याच्या काळात वनकर्मचारी निवडणुकीच्या कामाला का लावले, रिक्त पदं का भरली नाहीत आणि निधी का खर्च झाला नाही. पुढे, फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत कॅगचा अहवाल मांडला गेला. कॅम्पाचे १३.८६ कोटी भलत्याच कामांकडे वळवले गेले होते, आयफोन, लॅपटॉप आणि फ्रिजच्या खरेदीसकट. पक्ष जुळले म्हणून पैसा वेळेवर आणि योग्य जागी जातो असं नाही, याला एवढा एक दाखला पुरे.

विदर्भाचा पैसा तिकडे गेला, हा तिसऱ्यांचा दावा. अनुशेषाचा इतिहास खोटा नाही. वैधानिक विकास मंडळ १९९४ पासून होतं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि मुदतवाढ कोणी अडवली यावरून पक्षांनी एकमेकांवर तोंडसुख घेतलं. पण वनखात्यापुरतं बोलायचं तर राज्याचं निम्म्याहून जास्त जंगल विदर्भात आहे आणि वनमंत्रीपदही बराच काळ विदर्भात होतं. २०१४ ते २०१९ आणि पुन्हा २०२२ ते २०२४ चंद्रपूर जिल्ह्यातले सुधीर मुनगंटीवार, मधल्या काळात फेब्रुवारी २०२१ पर्यंत यवतमाळचे संजय राठोड. वनमंत्री आपला असताना एप्रिलातला हजेरीपट वेळेवर निघाला का? नाही. मंत्री बदलल्यानं कोषागाराचं कॅलेंडर बदलत नाही.

पक्षांनी काहीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. प्राधान्य ते ठरवतात. वृक्षलागवडीच्या मोहिमेचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये दोन कोटी रोपांपासून सुरुवात, २०१९ मध्ये उद्दिष्ट ३३ कोटींचं. पुढच्या सरकारनं त्यातल्या खर्चाची चौकशी करायला विधिमंडळ सदस्यांची समिती नेमली. एका बाजूनं 'हरित क्रांती', दुसऱ्या बाजूनं 'घोटाळा'. रोपवनाला कोवळेपणी सगळ्यात मोठा धोका चराईचा आणि आगीचा. एकदा वणवा फिरला की रोपं गेली आणि किती जगली होती याचा पुरावाही गेला, मग वणवा मुद्दाम लावला असा आरोप होतो. इतक्या रोपांना वणव्यापासून वाचवायला दर हेक्टरी किती आणि किती वर्षं पैसा ठेवला, हा प्रश्न विचारला असता तर दोन्ही बाजूंना अभ्यास करावा लागला असता.

निवडणुकीचं वर्ष आलं की गाडं आणखी रुततं. २०२४ मध्ये राज्यानं फेब्रुवारीच्या शेवटी लेखानुदान घेतलं, पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला मांडला. १६ मार्चला आचारसंहिता लागली, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला. २०१९ मध्ये याहून वाईट, मतदान ११ एप्रिलला. म्हणजे वणव्याचा कळसाचा महिना आणि मतदानाचा महिना एकच. लेखानुदानात पगार आणि चालू कामं निघतात, नवं काही सुरू होत नाही. डीपीडीसीची बैठक होत नाही. गाड्या निवडणुकीसाठी अधिग्रहित होतात. नेमक्या त्याच महिन्यात नेते गावोगाव फिरत असतात आणि वणव्याच्या पैशावर बोलतात, याला काय म्हणावं?

तुमचा अमेरिकेचा प्रश्न. हो, तिथे भांडण आहे, आणि मोठं आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळालं तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मदतीला अटी घालायच्या का यावरून रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट जुंपले. पण मला तिथली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. तिथल्या केंद्रीय वनसेवेच्या बजेटमधला वणव्याचा वाटा १९९५ मध्ये सोळा टक्के होता, तो २०१५ मध्ये निम्म्यावर गेला. विझवण्याचा पैसा संपला की जंगल साफ ठेवण्याच्या कामांतून उचलायचा, त्यामुळे पुढच्या वर्षी आग आणखी मोठी. हे चक्र थांबवायला २०१८ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून कायदा केला आणि मोठ्या आगींसाठी वेगळा राखीव निधी ठेवला. आपलं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे विझवण्यावर फारसा खर्चच नाही, तो गावाच्या आणि मजुराच्या अंगावर टाकलेला आहे. ८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. अशा घटनेनंतर भरपाईची रक्कम जाहीर होते, भेटी होतात. पण हंगामी मजुराचा विमा, त्याचे बूट, त्याला आधी दिलेलं प्रशिक्षण हे कोणत्या शीर्षात, यावर सभागृहात वाद झाला असता तर तो पक्षीय असूनही मला चालला असता.

एक सावधगिरीची गोष्ट. दोन्ही बाजू आकडे फेकतात तेव्हा ते बहुतेक उपग्रहाच्या इशाऱ्यांचे असतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोडिस आणि व्हीआयआयआरएस या उपकरणांवरून इशारे पाठवते. एकच आग दोन दिवस चालली तर तिचे अनेक ठिपके पडू शकतात, आणि उपग्रह वरून जाण्याच्या मधल्या वेळात लागून विझलेली आग एकही ठिपका पाडत नाही. म्हणून 'गडचिरोलीत इतके हजार वणवे' म्हणजे तितक्या वेगळ्या आगी नव्हेत. उलट खात्याच्या नोंदीतलं जळालेलं क्षेत्र वर जाताना आटत जातं, कारण जास्त क्षेत्र लिहिलं की आधी खुलासा लिहिणाऱ्यालाच द्यावा लागतो. विरोधक ठिपके मोजतात, सत्ताधारी नोंदवहीतले हेक्टर. जंगल किती जळालं याचं उत्तर दोन्हींत नाही.

आता तुमच्या ग्रामसभेचं, कारण खरी अडचण इथे आहे. सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्या जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन तुमच्याकडे आलं. २००९ मध्ये मेंढा (लेखा) पासून सुरुवात झाली, आज जिल्ह्यात लाखो हेक्टर ग्रामसभांकडे आहे. वणवा लागला की खातं म्हणू शकतं, क्षेत्र ग्रामसभेचं. ग्रामसभा म्हणते, आमच्याकडे पैसा नाही. आणि भारतीय वन अधिनियमाचं कलम ७९ सांगतं की जंगलात हक्क असलेल्यानं आग विझवायला मदत करायचीच. जबाबदारी आली, लेखाशीर्ष आलं नाही. या फटीवर एकही पक्ष बोलत नाही, कारण बोललं तर पैसा खात्याकडून ग्रामसभेच्या खात्यात वळवावा लागेल, आणि ते सत्तेतल्या कोणालाच नको आहे.

तोवर तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. तेंदूच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा जाळरेषेला असा ठराव करा आणि तो खर्च ऑक्टोबरातच सुरू करा. ठेकेदाराशी करार करताना आग लावून पालवी आणायची नाही, झुडपं छाटूनच आणायची, ही अट घाला आणि छाटणीची मजुरी करारात धरा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर तेंदू तोडणंच सोडलं आणि बांबूवर उत्पन्न उभं केलं. प्रत्येक गावाला ते झेपणार नाही, कुरखेड्याकडे तेंदूवर वर्षाचा खर्च भागवणारी घरं आहेत. पण मोहाखाली जाळण्याऐवजी झाडून घेणं किंवा जाळी पसरणं झेपतं, आणि त्यात फुलंही स्वच्छ मिळतात.

आणि धरायचं कोणाला, तर पहिल्यांदा आमदाराला, पण नोव्हेंबरात. हिवाळी अधिवेशनाच्या तारांकित प्रश्नासाठी त्यांना लेखी मजकूर तयार करून द्या, आमदारांकडे वनखात्याचं बजेट वाचणारा माणूस नसतो. मजकूर एवढाच: वडसा विभागाला जाळरेषेसाठी मंजूर किती, वितरित किती आणि कोणत्या तारखेला, आणि एक एप्रिलनंतर फायर वॉचरची मजुरी कोणत्या तारखेला निघाली. पुढल्या वर्षी दुसऱ्या पक्षाचा आमदार असला तरी हाच मजकूर द्या. डीपीडीसीत तुमच्या बाजूचा कोणी सदस्य असेल तर त्याला नवे ब्लोअर मागायला सांगू नका, आहेत त्यांच्या दुरुस्तीला आणि पेट्रोलला तरतूद मागायला सांगा.

सोबत उपवनसंरक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यात आर्थिक वर्ष, परिक्षेत्र आणि प्रत्येक शीर्ष वेगवेगळं लिहा: २४०६, केंद्राची वणवा योजना, कॅम्पा, जिल्हा योजना. प्रत्येकाखाली निधी मिळाल्याची तारीख आणि खर्चाची तारीख मागा. नुसतं 'वणव्यावर किती खर्च झाला' असं विचारलंत तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर येईल, आणि नियमात ते बसतं. हजेरीपटाच्या प्रती मागताना मजुरांची नावं झाकून दिल्या तरी चालेल असं आपणहून लिहा, म्हणजे त्या कारणानं अर्ज परत येणार नाही. अर्ज जूनमध्येच द्या. तीस दिवसांत उत्तर, मग लागलंच तर पहिलं अपील, असं धरलं तरी कागद हिवाळी अधिवेशनाच्या आधी तुमच्या हातात असतील.